परसातील कोंबड्या मोकळ्या सोडताना: भक्षक, कुत्री आणि भाजीपाल्याचे नियोजन

नाशिक जिल्ह्यात पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांपासून निफाड, दिंडोरीच्या मळ्यांतील वस्त्यांपर्यंत अनेक घरांभोवती पाच-पंधरा कोंबड्या असतात. पेरणीच्या तोंडावर बियाण्यासाठी किंवा शाळा सुरू होताना वह्या-पुस्तकांसाठी यांतलेच एखादे कोंबडे विकले जाते. बहुतेक घरांत हा पैसा बाईच्या हातातला असतो. त्यामुळे एका रात्रीत सहा-सात तलंगा गेल्या, तर नुकसान दिसते त्यापेक्षा मोठे असते.

‘सोडल्या तर मुंगूस नेते, कोंडल्या तर खाद्य परवडत नाही’ ही नेहमीची तक्रार आहे. यावर उपाय आहे. कोंबडी मोकळी सोडणे वेगळे आणि वाऱ्यावर सोडणे वेगळे. कधी सोडायच्या, कुठे सोडायच्या आणि रात्री कशा डालायच्या, या तीन गोष्टी ठरवून घेतल्या तर मर बरीच कमी होते.

आधी घराची सवय लावावी

विकत आणलेले पक्षी त्याच दिवशी मोकळे सोडू नयेत. शासकीय योजनेतून ८ ते १० आठवडे वयाच्या तलंगांचा गट (२५ माद्या व ३ नर) मिळतो, तेव्हा ही चूक हमखास होते. हे पक्षी उबवणी केंद्रात किंवा शेडमध्ये वाढलेले असतात. त्यांना घर ठाऊक नसते आणि घारीची सावलीही ओळखता येत नाही.

- पहिले ७ ते ८ दिवस खाद्य, पाणी आणि मुक्काम खुराड्यातच ठेवावा.
- नंतर दोन-तीन दिवस सूर्यास्ताआधी एक तास सोडावे. अंधार पडताच कोंबड्या आपोआप मुक्कामाला परततात.
- रोज संध्याकाळी डबा वाजवून मूठभर दाणे खुराड्यातच टाकावेत. त्या आवाजाला पक्षी धावत येऊ लागले की दिवसभर सोडण्यास हरकत नाही.
- खुडुक कोंबडीखालची पिल्ले पहिले तीन आठवडे डालग्याखाली किंवा जाळीच्या आत ठेवावीत. आई नसलेली पिल्ले ८ आठवड्यांची होईपर्यंत उघड्यावर सोडू नयेत.
- आठ-दहा माद्यांमागे एक सजग कोंबडा ठेवावा. धोका दिसताच तो इशारा देतो.

सोडण्याची आणि डालण्याची वेळ

पहाटेचा आणि तिन्हीसांजेचा काळ सर्वांत धोक्याचा असतो. सकाळी चांगले उजाडल्यावर, माणसांचा वावर सुरू झाल्यावरच दार उघडावे. संध्याकाळची वेळ घड्याळावर न ठरवता सूर्यावर ठरवावी. नाशिकला डिसेंबरात सहाच्या सुमारास, तर जूनमध्ये सव्वासातच्या सुमारास सूर्य मावळतो. उन्हाळ्यात सातला दार लावण्याची सवय झालेल्या घरी हिवाळ्यात तासभर खुराडे उघडे राहते आणि तेवढ्यात रानमांजर काम साधते.

दार लावताना पक्षी मोजावेत. एखादा कमी असेल तर झाडावर, कडब्याच्या गंजीवर, ट्रॅक्टरखाली शोधावा. झाडावर बसण्याची सवय एका पक्ष्याला लागली की बाकीचेही तेच शिकतात.

खुराडे कसे असावे?

रात्रीच्या मुक्कामाला प्रत्येक मोठ्या पक्ष्यामागे दीड ते दोन चौरस फूट जागा धरावी. दहा पक्ष्यांना ४ × ५ फुटांचे खुराडे पुरते. शक्यतो ते जमिनीपासून दोन-तीन फूट उंच असावे.

खर्च वाचवायचा असेल तर छपरात वाचवावा, जाळीत नाही. षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, पण मुंगूस किंवा साप बाहेर ठेवू शकत नाही. कुत्रा तर ती दातांनी ओढून फाडतो. अर्धा इंची वेल्ड मेश वापरावी. खुराडे जमिनीलगत असेल तर जाळी फूटभर खोल गाडावी किंवा बाहेरच्या बाजूला दीड फूट आडवी अंथरून वर दगड-माती टाकावी. उकरणारे जनावर भिंतीपाशीच उकरू लागते आणि जाळीवर अडते. दाराला कडी-कोयंडा हवा. दोरी किंवा टेकून ठेवलेला दगड चालणार नाही.

खुराड्याभोवती दहा-पंधरा फुटांतील गवत, लाकडे, विटांचे ढीग काढावेत. रात्री खाद्य उघडे ठेवू नये. सांडलेल्या दाण्याला उंदीर येतात आणि उंदरामागे साप येतो.

पक्षी कोणी नेला, हे खुणांवरून ओळखावे

उपाय करण्याआधी खुणा पाहाव्यात, नाहीतर मुंगसासाठी केलेला खर्च घारीच्या कामी येत नाही.

- घार, शिक्रा, कावळा: दिवसाढवळ्या पिल्लू गायब, मागे खूण नाही. पिल्लांच्या जागेवर द्राक्षबागेतील जुनी पक्षीरोधक जाळी ताणावी. आडोशासाठी शेवगा, तूर, केळी यांची झुडपी सावली ठेवावी.
- मुंगूस: बहुधा दिवसा येते. मानेला चावा, अंडी फुटलेली. फटी बुजवाव्यात आणि अंडी दिवसातून दोनदा गोळा करावीत.
- रानमांजर: तिन्हीसांजेला किंवा रात्री एखादाच पक्षी उचलून नेते. थोडी पिसे, क्वचित दूरवर फरफट दिसते.
- साप: अंडी किंवा लहान पिल्लू अख्खे नाहीसे, काहीही विस्कटलेले नाही. घरट्यात हात घालण्यापूर्वी बॅटरी लावून पाहावे.
- घूस, उंदीर: पिल्ले कुरतडलेली, बिळाकडे ओढलेली.
- कुत्रा: अनेक पक्षी मारलेले, पण खाल्लेले नाहीत, अंगणभर विखुरलेले.

निफाड, सिन्नर, दिंडोरीच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचाही वावर आहे. वस्तीवरची कुत्री अचानक कमी होऊ लागली किंवा पावलांचे ठसे दिसले, तर रात्री खुराड्याकडे एकट्याने जाऊ नये आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

मुंगूस, रानमांजर, साप, बिबट्या यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षण आहे. त्यांना मारणे किंवा विषारी आमिष ठेवणे हा गुन्हा आहे. शिवाय ते विष आपल्याच कुत्र्याच्या, मांजराच्या, कोंबडीच्या पोटात जाते.

घरचा कुत्रा आणि गावातली कुत्री

चांगला शिकवलेला कुत्रा हा परसाचा उत्तम राखणदार असतो. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला रोज साखळीवर कोंबड्यांजवळ बसवावे. झेप घेताच साखळी आखडून ठामपणे ‘नाही’ म्हणावे, शांत बसल्यावर भाकरीचा तुकडा द्यावा. वर्षाचा होईपर्यंत त्याला कोंबड्यांसोबत एकटे सोडू नये. धावणारी, फडफडणारी कोंबडी पाहून शहाणा कुत्राही बिघडतो. मेलेली कोंबडी किंवा फुटलेले अंडे कुत्र्यापुढे कधीच टाकू नये, कारण चवीची सवय तिथूनच लागते.

बाहेरची कुत्री टोळीने येतात. त्यांच्यासाठी पाच फुटांचे, खालून बंद कुंपण लागते. कोंबड्या कुंपणावरून उडतात म्हणून एका पंखाची पिसे कापतात, पण जिथे कुत्र्यांचा त्रास आहे तिथे हे करू नये. उडून जीव वाचवण्याचा तेवढाच मार्ग पक्ष्याकडे असतो. सोडवताना कुत्रा माणसाला चावला, तर जखम १५ मिनिटे साबण व वाहत्या पाण्याने धुऊन लगेच दवाखान्यात जावे व रेबीजची लस घ्यावी.

भाजीपाल्याच्या वाफ्यात कधी सोडाव्यात?

कोंबडी अळ्या, किडे, तणाचे बी वेचते, तशीच ती मेथी-कोथिंबिरीचा कोवळा वाफा एका सकाळीत साफ करते. कांद्याचे रोप उकरते, आच्छादन विस्कटते. म्हणून पिकाची अवस्था पाहून प्रवेश द्यावा.

- पेरणी ते रोप स्थिरावेपर्यंत: अजिबात सोडू नये. जुन्या साड्यांचे किंवा शेडनेटचे चार फूट कुंपण पुरते.
- वांगी, मिरची, शेवगा मोठे झाल्यावर: दुपारी चारनंतर सोडावे. दोन तासांत त्या स्वतःच घरी परततात, नासधूस कमी होते. फळे लागल्यावर मात्र टोमॅटो, मिरची राखावी.
- पीक निघाल्यावर: दिवसभर सोडावे. राहिलेल्या अळ्या-कोष वेचले जातात आणि खतही पडते.

मेथी, कोथिंबीर, मुळा, काकडी कच्ची खाल्ली जाते. ताज्या विष्ठेतून साल्मोनेलासारखे जिवाणू येऊ शकतात, म्हणून या पिकांत काढणीपर्यंत पक्षी नकोत. चाळीतील सडका कांदा कोंबड्यांपुढे टाकू नये. कांदा जास्त खाल्ल्याने त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात.

फवारणी हा न दिसणारा भक्षक

ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेत फवारण्या दाट होतात. या काळात बागेत कोंबड्या सोडू नयेत. निर्यातीच्या बागेत तर कधीच नाही. फवारणी झालेल्या ओळीतले मेलेले किडे वेचले, डबक्यातले पाणी प्याले, तरी विषबाधा होते आणि कीडनाशकाचा अंश अंड्यात उतरू शकतो. कार्बोफ्युरानसारखी दाणेदार कीडनाशके कोंबडी वाळूचे खडे समजून टिपते. बीजप्रक्रिया केलेले बियाणे आणि उंदरांसाठीचे झिंक फॉस्फाईडचे आमिष तितकेच घातक आहे. शेजाऱ्याची फवारणी कधी आहे, हे आदल्या दिवशी विचारावे आणि नंतर लेबलवरील सूचनेनुसार पक्षी कोंडून ठेवावेत.

माना टाकणे, लाळ गळणे, पंख लुळे पडणे अशी लक्षणे एकदम अनेक पक्ष्यांत दिसली, तर १९६२ या क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. विषबाधा असो, मानमोडी (राणीखेत) असो की बर्ड फ्लू, मेलेले पक्षी कापू, खाऊ किंवा उघड्यावर फेकू नयेत. देशातील पहिला बर्ड फ्लू २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला आढळला होता. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने खोल खड्ड्यात चुना टाकून पक्षी पुरावेत.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

गट वाटपाच्या दिवशी फक्त लसीकरणाचे वेळापत्रक देऊन थांबू नये. त्या घरचे खुराडे पाहावे, जाळीची भोके बोटाने तपासावीत आणि संध्याकाळी दार कोण लावणार, हे विचारावे. एक नाव पुढे आले नाही, तर पक्षी देण्याआधी ते ठरवून घ्यावे.