नागरिकशास्त्राचा तास

आपल्या शाळांमध्ये नागरिकशास्त्र हा विषय आला, तो लोकशाही शिकवण्यासाठी नव्हे. विल्यम ली-वॉर्नर हे मुंबई इलाख्याच्या सेवेतील सनदी अधिकारी होते आणि इलाख्याच्या शिक्षणखात्याचा कारभारही काही काळ त्यांच्याकडे होता. त्यांनी शाळांसाठी लिहिलेले ‘द सिटिझन ऑफ इंडिया’ हे पुस्तक १८९७ साली प्रसिद्ध झाले. हे वर्ष मराठी माणसाच्या स्मरणात वेगळ्याच कारणाने राहिले आहे. त्या वर्षी प्लेगच्या बंदोबस्ताने पुणेकर गांजले होते, २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली आणि सप्टेंबरात लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून १८ महिन्यांची शिक्षा झाली. अशा वेळी शाळकरी मुलांनी राज्ययंत्रणा समजून घ्यावी आणि तिचे उपकार मानावेत, ही त्या पुस्तकामागची अपेक्षा होती. शीर्षकात ‘नागरिक’ होता, पण पुस्तकाला हवा होता तो प्रजाजन. मत देण्याचा प्रश्न नव्हता आणि प्रश्न विचारण्याला वाव नव्हता.

या पुस्तकाची मांडणी मात्र पाहण्यासारखी आहे. आधी खेडे, मग शहर, मग जिल्हा, प्रांत, संस्थाने आणि शेवटी सबंध हिंदुस्थान. पाटील कोण, कलेक्टर कोण, कोणाच्या हाती कोणते अधिकार, अशी ती चढती पायरी होती. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या कोणत्याही माजी विद्यार्थ्याने आपले नागरिकशास्त्राचे पुस्तक आठवावे. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, विधानसभा, संसद! राणीच्या जागी राष्ट्रपती आले, गव्हर्नर जनरलच्या जागी पंतप्रधान आले, सत्तेचा उगमच बदलला. पण पुस्तकाचा जिना तोच राहिला. सदस्यसंख्या किती, पात्रतेचे वय किती, मुदत किती वर्षांची, हे पाठ केले की तास संपे. इतिहासाच्या शेपटाला बांधलेला आणि परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी उरकता येणारा विषय, अशी त्याची ख्याती झाली ती उगाच नव्हे.

लोकशाही पाठ करण्याऐवजी जगण्याचे प्रयोग याच देशात स्वातंत्र्यापूर्वीच सुरू झाले होते. त्यांतील एक गुजरातेतला, आणि त्यात एका मराठी बाईचा मोठा वाटा आहे. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. राजकोटच्या स्त्री-अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद सोडून ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या आणि १९२६ साली दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. या बालमंदिरात नागरिकशास्त्र नावाचा विषय नव्हता. छडी नव्हती आणि बक्षीसही नव्हते. शिक्षेच्या भीतीने किंवा बक्षिसाच्या लोभाने वागणारे मूल स्वतः निर्णय घ्यायला शिकत नाही, ही गिजुभाईंची धारणा होती. आज ती सर्वांना मान्य असल्यासारखी वाटते. पण घरात वडिलांसमोर आणि शाळेत मास्तरांसमोर मान वर करायची नाही, अशा काळात चार वर्षांच्या मुलाला आपले काम आपण निवडू देणे ही साधी गोष्ट नव्हती. ताराबाईंनी पुढे बोर्डी आणि कोसबाड येथे हेच काम आदिवासी मुलांपर्यंत नेले.

दुसरा प्रयोग अधिक उघडपणे राजकीय होता. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याच वर्षी डिसेंबरात आपला अहवाल दिला. नई तालीम म्हटले की तकली आणि सूतकताई एवढेच आपल्याला आठवते. पण त्या अहवालात नागरिकत्वाच्या आदर्शाचा स्वतंत्र विचार केलेला आहे. काम करणारा, आपल्या कामाचा हिशेब देणारा आणि समाजाच्या व्यवहारात बरोबरीने सहभागी होणारा नागरिक त्या समितीला अभिप्रेत होता. सेवाग्रामच्या शाळेत आशादेवी आणि आर्यनायकम् यांच्या देखरेखीखाली मुलांची आमसभा भरत असे. स्वयंपाकघर, सफाई यांसारख्या कामांसाठी मुले आपल्यातूनच मंत्री निवडत. निवडून आलेल्या मंत्र्याला भाषण करून सुटता येत नसे. धान्य किती आले, किती शिजले आणि किती वाया गेले, हे त्याला सभेपुढे सांगावे लागे. स्वयंपाकघराचा हिशेब मांडताना गणित होई, आहाराचा विचार करताना विज्ञान होई, आणि जबाबदार मंत्रिमंडळ म्हणजे काय, हे कोणी व्याख्या न सांगता कळे. स्वातंत्र्यानंतर मूलोद्योग शिक्षणाचा सरकारी स्वीकार झाला खरा, पण बहुतेक ठिकाणी चरखा फडताळात गेला आणि आमसभा विस्मरणात गेली.

मग देशाचीच परीक्षा आली. २५ ऑक्टोबर १९५१ ते २१ फेब्रुवारी १९५२ या काळात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. सुमारे १७ कोटी ३० लाख मतदार होते आणि त्यांतील बहुसंख्यांना अक्षरओळख नव्हती. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी चिन्हांची योजना केली आणि प्रत्येक उमेदवारासाठी वेगळी मतपेटी ठेवली. या निवडणुकीतील एक गोष्ट शाळेच्या दृष्टीने फार बोलकी आहे. मतदारयाद्या करताना अनेक स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही; अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढीच ओळख दिली. सेन यांनी तशा नोंदी घ्यायला नकार दिला आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळली. हा निर्णय कठोर वाटतो. त्या निवडणुकीपुरता तो अन्यायकारकही होता. परंतु नागरिक म्हणजे स्वतःच्या नावाने उभी राहणारी व्यक्ती, हे त्याने ठसवले. मुलीचे स्वतःचे नाव रोज, मोठ्याने, सर्वांदेखत पुकारले जाते अशी या देशातील पहिली सार्वजनिक जागा म्हणजे शाळेची हजेरी होय. नागरिकशास्त्राचा खरा पहिला धडा तिथेच सुरू होतो, मग ते पुस्तकात असो वा नसो.

प्रार्थनेनंतर हात पुढे करून म्हटली जाणारी प्रतिज्ञा याच पिढीची. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव या तेलुगू लेखकाने ती १९६२ साली विशाखापट्टणम येथे कोषागारात अधिकारी असताना लिहिली. केंद्रीय शिक्षणमंत्री मोहम्मद करीम छागला यांच्या काळात तिचा देशभर स्वीकार झाला आणि २६ जानेवारी १९६५ पासून शाळाशाळांतून ती म्हटली जाऊ लागली. मराठी मुलांच्या कितीतरी पिढ्यांना ती मुळात तेलुगू आहे, याची कल्पनाच नव्हती. प्रतिज्ञेत देशावरचे प्रेम आहे, वडीलधाऱ्यांविषयी आदर आहे, बंधुभाव आहे. तिच्यात हक्क नाहीत, आणि ते असावेत अशी अपेक्षाही नाही. त्यासाठी संविधानाची उद्देशिका आहे. प्रतिज्ञा ‘मी’ची आहे आणि उद्देशिका ‘आम्ही’ची. दोन्ही पाठ असलेल्या मुलांना हा फरक एकदा तरी उलगडून दाखवायला हवा.

शाळेतील निवडणूक पुढे अनेक ठिकाणी परंपरा म्हणून टिकली. शालेय मंत्रिमंडळ, चिठ्ठ्या, शाई, विजयी मुलाची मिरवणूक. दुसऱ्या दिवसापासून आरोग्यमंत्र्याने नखे तपासायची आणि सगळे निर्णय पूर्वीप्रमाणे शिक्षकदालनात व्हायचे! अशा निवडणुकीतून मुले एक गोष्ट शिकतात, आणि ती शिकायला नको होती: मत देऊन काही बदलत नाही. राजस्थानातील तिलोनिया येथे याच्या नेमके उलट घडले. १९७२ साली बंकर रॉय यांनी उभारलेल्या तिथल्या संस्थेने दिवसा गुरे राखणाऱ्या मुलांसाठी रात्रशाळा चालवल्या आणि नव्वदच्या दशकात या शाळांच्या मुलांची संसद सुरू झाली. तिची निवडणूक होते; ६ ते १४ वयाची मुले मत देतात. सकाळी वीस शेळ्या राखणारी बारा वर्षांची मुलगी संध्याकाळी पंतप्रधान म्हणून काम पाहते, असे रॉय यांनी एका भाषणात सांगितले होते. रात्रशाळांवर देखरेख ठेवणे हे या संसदेचे काम आहे. अधिकार खरा असला की मूल तो गंभीरपणे वापरते, हे सेवाग्रामचे सूत्र इथे, कोणी त्याचा उल्लेख न करता, पुन्हा सिद्ध झाले.

पाठ्यपुस्तकांना जाग यायला २००५ साल उजाडले. त्या वर्षीच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने नागरिकशास्त्राचे वसाहतकालीन मूळ स्पष्टपणे नोंदवले आणि विषयाचा चेहरा बदलण्याची शिफारस केली. पुढील वर्षापासून आलेल्या ‘सामाजिक आणि राजकीय जीवन’ या मालिकेने तो जुना जिना मोडला. सहावीचे पुस्तक ग्रामपंचायतीपासून सुरू न होता विविधतेपासून आणि भेदभावापासून सुरू झाले. त्यात १९०१ सालचा एक प्रवास होता. नऊ वर्षांचे भीमराव आपल्या भावंडांसह वडिलांना भेटायला निघाले होते. चांगले कपडे घातलेल्या मुलांची स्थानकावर विचारपूस करणारे स्टेशनमास्तर जात कळताच बदलले आणि दुप्पट भाडे देऊनही गाडीवान गाडी हाकायला तयार होईना. मुलांनीच ती हाकली, तो बाजूने चालत राहिला. समतेच्या कलमाचा क्रमांक मुले विसरतात. हा प्रवास विसरत नाहीत. जे मूल पुढे संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले, त्याच मुलाची ही हकिगत आहे हे कळल्यावर कलमाला माणसाचा चेहरा येतो. अलीकडे ही पुस्तके बदलली आहेत; ज्या शिक्षकांनी ती शिकवली, त्यांनी हा धडा तरी हातचा सोडू नये.

बृहन्महाराष्ट्रातील मराठी शाळेजवळ मात्र असा एक धडा आहे, जो कोणत्याही पुस्तकात शोधावा लागत नाही. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा भाषेच्या सीमेपलीकडे राहिलेल्या कुटुंबांचे काय, हा प्रश्न उभा राहिला. सातव्या घटनादुरुस्तीने संविधानात ३५०-क हा अनुच्छेद घातला. भाषिक अल्पसंख्य समाजातील मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी मिळाव्यात, यासाठी राज्यांनी झटावे, असे तो सांगतो. आपली भाषा जतन करण्याचा आणि आपल्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क २९ आणि ३० या अनुच्छेदांनी आधीच दिला होता. महाराष्ट्राबाहेर मराठीतून बाराखडी गिरवणारे पहिलीतले मूल या तरतुदींच्या छायेत बसलेले असते. पालकांपैकीही थोड्यांनाच याची जाणीव असते.

चौथीच्या वर्गाला एवढे समजते. नकाशा पुढे ठेवला तर आणखीही समजते, कारण हाच अनुच्छेद उलट दिशेनेही लागू होतो. सोलापुरात तेलुगू माध्यमाच्या शाळा आहेत. मुंबई महानगरपालिका मराठीबरोबरच हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा एकूण आठ माध्यमांतून शाळा चालवते. इथल्या मराठी मुलाला जो हक्क आहे, तोच धारावीतल्या तमिळ मुलाला आहे.