हिवरे बाजारचा पाण्याचा ताळेबंद

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावाची भूजल वाचवण्याची लोकसंमत पद्धत. पर्जन्यछायेतील या गावात सरासरी 400 मिमी. पाऊस पडतो. 1994 मध्ये आदर्श गाव योजनेत निवड झाल्यावर सरपंच पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली समतल चर, बांधबंदिस्ती व वृक्षलागवड झाली. मात्र मुरलेले पाणी उपशाने संपू नये, म्हणून गावाने उसासारख्या पाणीखाऊ पिकांवर व शेतीसाठीच्या बोअरवेलवर बंदी घातली. बेसॉल्ट खडकातील उथळ साठा सर्वांचा, हे त्यामागचे सूत्र.

पावसाळा संपला की पर्जन्यमापकाची नोंद आणि विहिरींची पातळी ग्रामसभेपुढे येते. माणसे व जनावरे यांचे पाणी आधी बाजूला काढून उरलेल्यावर पिके ठरतात; तुटीच्या वर्षी रब्बीचे क्षेत्र घटते, उन्हाळी पीक टळते.

उपसा घटवण्याचा दुसरा मार्ग पैशांचा: अमेरिकेत रिपब्लिकन नदीच्या खोऱ्यात ओलिताची जमीन पडीक ठेवण्यासाठी सरकार शेतकऱ्यांना मोबदला देते. हिवरे बाजारात रोख मोबदला नाही. भरलेली विहीर आणि दुधाचा जोडधंदा हाच परतावा. दुष्काळी महाराष्ट्रासाठी हा धडा अनमोल आहे.