मुंबईतील घरगुती मलजोडणी

घरातील न्हाणी, मोरी व शौचकूप यांचे सांडपाणी रस्त्याखालील सार्वजनिक मलवाहिनीत सोडणाऱ्या खाजगी नळास घरगुती मलजोडणी म्हणतात. रस्त्यात मलवाहिनी घातल्याने शहर स्वच्छ होत नाही. घरे तिला जोडली गेल्यावरच ते होते, हे मुंबईच्या इतिहासावरून दिसून येते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई बेटावरील मैला हलालखोर कामगार टोपल्यांतून वाहून नेत. घरांमधील अरुंद घरगल्ल्यांतून त्यांची ये-जा चाले आणि मोऱ्यांचे पाणीही तेथेच वाहे. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी शहरात आले. परंतु वापरलेले पाणी बाहेर नेण्याची सोय त्या प्रमाणात वाढली नाही. शिवाय बेटाचा बराच भाग भरतीच्या पातळीपेक्षा सखल असल्याने केवळ उतारावर विसंबून मैलापाणी समुद्रात सोडणे शक्य नव्हते. नगरपालिकेचे कार्यकारी अभियंता कॅप्टन हेक्टर टलक यांनी या प्रश्नाचा तपशीलवार अभ्यास केला. पुढे भूमिगत मलवाहिन्या व वरळीचे लव्ह ग्रोव्ह उदंचन केंद्र यांची उभारणी झाली.

जोडणीस कायद्याचे बळ १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने मिळाले. सांडपाण्याची पुरेशी सोय नसलेली मिळकत महापालिकेच्या मलवाहिनीपासून १०० फुटांच्या आत असल्यास मालकास जोडणी करावयास लावण्याचा अधिकार आयुक्तांस देण्यात आला. अंतर अधिक असल्यास मलकुंडासारखी अन्य सोय करावयास लावता येई. अशा रीतीने सार्वजनिक मलवाहिनी महापालिकेची, तर घरापासून तिच्यापर्यंतचा नळ मालकाचा, अशी जबाबदारीची विभागणी झाली.

जोडणीचा नळ एकसारख्या उताराचा असावा लागतो. उतार अपुरा असल्यास मैला साचतो. नळाच्या वाकड्या भागात थोडे पाणी सदैव साठून राहील अशी रचना करतात. या पाण्यामुळे मलवाहिनीतील वायू घरात शिरत नाहीत. छपराच्या वर नेलेल्या नळीवाटे ते बाहेर पडतात. वळणांवर व सांध्यांवर तपासणीसाठी झाकणाचे हौद बांधतात.

१८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगची साथ उद्‌भवली, तेव्हा गटारांतील दूषित हवेवर संशय घेतला गेला आणि मलवाहिन्या समुद्राच्या व कार्बॉलिक अम्लयुक्त पाण्याने धुण्यात आल्या. परंतु प्लेग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो, असे पॉल लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराची येथील प्रयोगांवरून दाखविले. गटारे धुऊन ही साथ आटोक्यात येणे शक्य नव्हते. कॉलरा व विषमज्वर यांची गोष्ट मात्र वेगळी आहे; ते मैल्याने दूषित झालेल्या पाण्यातून पसरत असल्याने चांगल्या जोडणीचा लाभ तेथे खरोखरच होतो.

न जोडलेल्या घरांचा भार अखेर मानवी श्रमावरच राहिला. १८८८ च्या अधिनियमात हलालखोर पट्टी या नावाचा स्वतंत्र करच होता. हाताने मैला वाहण्यास मनाई करणारे केंद्रीय कायदे १९९३ व २०१३ मध्ये झाले. मलवाहिनी व तिची जोडणी आरोग्याबरोबरच मानवी प्रतिष्ठेशीही कशी निगडित आहेत, हे या विलंबावरून लक्षात येते.