थडग्यावरचा नांगर

शाश्वत आशेचे चिन्ह म्हणून जहाजाचा नांगर ख्रिस्ती थडग्यांवर आला, त्यामागे एक अवघड प्रश्न होता. येशू ख्रिस्ताचे पुनरागमन, म्हणजे जगाच्या अखेरीस न्यायनिवाड्यासाठी त्याचे पुन्हा येणे, आपल्या हयातीतच घडेल अशी पहिल्या पिढीतील अनेकांची अपेक्षा होती. परंतु वर्षे लोटत गेली, माणसे मरू लागली, आणि तो दिवस उजाडण्याआधीच जे गेले त्यांचे काय होणार, ही चिंता मागे राहिलेल्यांना छळू लागली. इ. स. ५० च्या सुमारास पौलाने थेस्सलनीका येथील मंडळीला जे पहिले पत्र लिहिले, त्यात त्याला या चिंतेचे उत्तर द्यावे लागले: मेलेले मागे राहणार नाहीत, तेच आधी उठतील.

या उत्तराला प्रतिमेचे रूप मिळाले ते पहिल्या शतकाच्या उत्तरार्धातील ‘इब्री लोकांस पत्र’ या ग्रंथात, ज्याचा लेखक कोण हे प्राचीन काळापासून वादाचे आहे. या पत्राच्या सहाव्या अध्यायात आशेला जिवाचा स्थिर व बळकट नांगर म्हटले असून तो नांगर पडद्याच्या आत पोहोचतो असे पुढे सांगितले आहे. हा पडदा यरुशलेमच्या मंदिरातील परमपवित्रस्थानाचा, म्हणजे जेथे केवळ प्रमुख याजक वर्षातून एकाच दिवशी प्रवेश करी त्या सर्वांत आतल्या गाभाऱ्याचा होय. आणि त्या पृथ्वीवरील गाभाऱ्याआडून पत्रलेखकाला अभिप्रेत आहे तो स्वर्गातील गाभारा, जेथे येशू आपल्या लोकांच्या आधी जाऊन पोहोचला आहे. येथे रूपकाचे धाडस लक्षात घेण्याजोगे आहे. एरवी नांगर खाली, न दिसणाऱ्या तळाकडे टाकला जातो. या पत्रातील नांगर मात्र वर, न दिसणाऱ्या देवाच्या सान्निध्यात रुतलेला आहे, आणि म्हणूनच मरणाने ज्याचा किनारा सुटला त्याचा दोर तुटलेला नाही, असे म्हणण्याची सोय या एकाच प्रतिमेने करून दिली.

चिन्ह म्हणून नांगर ख्रिस्ती लोकांनी नव्याने घडवलेला नव्हता. अलेक्झांडरचा सेनापती पहिला सेल्यूकस याने तो आपल्या नाण्यांवर उमटवला होता, आणि पुढे यहूदी राजा अलेक्झांडर यन्नाय (इ. स. पू. १०३–७६) याच्याही नाण्यांवर तो आढळतो. इ. स. २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने ख्रिस्ती माणसाच्या मुद्रेच्या अंगठीवर कोणती चित्रे असावीत हे सांगताना मूर्ती, तलवार आणि मद्याचे प्याले वर्ज्य ठरवले, कबूतर, मासा, जहाज, वीणेसारखे तंतुवाद्य व नांगर यांना मान्यता दिली, आणि नांगराचा उल्लेख करताना सेल्यूकसचे नावही घेतले. बाजारात जे मिळते त्यातूनच निवड करायची असा हा व्यवहारी सल्ला होता.

नांगराचे खरे घर मात्र रोमच्या वेशीबाहेरील कॅटकोंब, म्हणजे मऊ ज्वालामुखी दगडात खोदलेली भुयारी दफनस्थाने. भुयाराच्या दोन्ही भिंतींत एकावर एक आडवे कप्पे कोरीत, त्यांत कफनात गुंडाळलेले प्रेत ठेवीत आणि संगमरवरी फरशीने किंवा भाजक्या कौलांनी कप्प्याचे तोंड चुन्यात बंद करीत. सालारिया मार्गावरील प्रिसिल्लाच्या कॅटकोंबमध्ये अशा कौलांवर तांबड्या रंगाने केवळ मृताचे नाव आणि शेजारी नांगर काढलेला दिसतो: उभा दांडा, माथ्याशी कडी, कडीखाली आडवी दांडी आणि तळाशी वर वळलेले दोन हात. चौथ्या शतकापूर्वीची अशी सुमारे ७० उदाहरणे या एकट्या ठिकाणी मोजली गेली आहेत. व्हॅटिकन परिसरात सापडलेल्या लिसिनिया आमियास हिच्या तिसऱ्या शतकारंभीच्या शिळेवर तर पितरांच्या आत्म्यांना उद्देशून असलेली जुनी रोमन अक्षरे, त्यांच्याखाली ग्रीक भाषेत ‘जिवंतांचा मासा’ हे ख्रिस्तवाचक शब्द, आणि त्याखाली नांगर व त्याच्या दोन बाजूंना दोन मासे, असे सारे एकत्र आहे. जुनी रीत सुटलेली नाही, नवी आशा मात्र स्पष्ट बोलते आहे. धर्मांतराच्या काळातील एका कुटुंबाचे मन यापेक्षा प्रामाणिकपणे दाखवणारा पुरावा क्वचितच सापडेल.

आडव्या दांडीमुळे नांगरात क्रूस दिसतो, यावरून छळाच्या काळात लपवलेला क्रूस म्हणजेच नांगर, असे अनेक ग्रंथांतून सांगितले जाते. क्रूसाचे साम्य काहींना जाणवले असणे शक्य आहे. पण आडवी दांडी रोमन नांगराला सामान्यतः असेच, आणि कॅटकोंब ही लपण्याची जागा नसून राजमार्गालगतची, सर्वांना ठाऊक असलेली दफनभूमी होती. शिवाय ग्रीक व लॅटिन भाषांत ‘आशा’ या अर्थाच्या शब्दांवरून ठेवलेली एल्पिदियुस, स्पेस अशी नावे असलेल्या थडग्यांवर नांगर आढळतो, यावरून तो काढणाऱ्याच्या मनात गुप्तलिपीपेक्षा आशाच होती हे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

इ. स. ३१३ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाल्यानंतर क्रूस आणि ख्रिस्ताच्या नावाची आद्याक्षरे उघडपणे मिरवू लागली व नांगर झपाट्याने मागे पडला. याला केवळ भीती सरणे कारण नसावे. इ. स. ४०० च्या सुमारास रोममधील सांता पुदेंझियाना चर्चच्या घुमटाकार भिंतीवर सिंहासनस्थ ख्रिस्त, रत्नजडित क्रूस, प्रकटीकरणाच्या पुस्तकातील चार सजीव प्राणी आणि मागे नगर असे मोझेक घडले. अंतकाळाची आशा आता साऱ्या मंडळीसमोर, राजदरबाराच्या थाटात मांडली जाऊ लागली होती, आणि एका माणसाच्या कौलावर मावणाऱ्या चिन्हाला त्या भव्य दृश्यात जागा उरली नव्हती.

पुढे सुमारे हजार वर्षे आशा नांगराशिवायच रंगवली गेली; चित्रकार जोत्तोने इटलीतील पादुआत १३०५ च्या सुमारास रेखाटलेली आशा पंख पसरून मुकुटाकडे झेपावणारी स्त्री आहे. १५५९ मध्ये चित्रकार ब्रॉयगेलने काढलेली आशा मात्र खवळलेल्या समुद्रात नांगरावर उभी आहे, आणि अमेरिकेतील ऱ्होड आयलंड वसाहतीने १६४७ मध्ये मुद्रेवर नांगर घेऊन १६६४ मध्ये त्याच्यावर ‘आशा’ हा शब्द कोरला. या दुसऱ्या जन्मात नांगर सद्गुणाचे, धीराचे आणि दर्यावर्दी जीवनाचे चिन्ह झाला, इतका की नंतरच्या काळातील कबरीवर तो दिसल्यास तेथे खलाशी निजला आहे की पुनरुत्थानाची वाट पाहणारा कोणी, हे ठरवण्यासाठी खालचा मजकूर वाचावा लागतो. प्रिसिल्लाच्या कौलांवर मजकूर नावापुरताच आहे, आणि तरीही तेथे असा संभ्रम उद्भवत नाही.