फोनचं वॉटरप्रूफ सील कधी बदलायचं?

पावसाळ्यात कर्जतजवळच्या भिवपुरी धबधब्यावर किंवा खालापूर तालुक्यात खोपोलीच्या झेनिथला जाताना ‘फोन आयपी६८ आहे’ म्हणून निर्धास्त राहू नका. ही चाचणी नव्या फोनवर, साध्या स्थिर पाण्यात होते. आयपी६७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. आयपी६८ ची खोली आणि वेळ कंपनी सांगते. धबधब्याची जोरदार धार यात मोजलेली नसते.

पाणी अडवतं ते मागच्या काचेखालचं चिकट सील आणि सिम ट्रेचं बारीक रबर. उष्णता, फोन पडणं, साबणाचं पाणी यांनी ते हळूहळू कमजोर होतं.

मग बदलायचं कधी? याला वर्षांची ठरावीक मुदत नाही. बॅटरी किंवा स्क्रीनसाठी फोन उघडला की जुनं सील गेलंच, दरवेळी नवीन लावून घ्या. काच तडकली, फ्रेम वाकली तरी दुरुस्तीसोबत सील बदला. सिम ट्रेचं रबर फाटलं असेल तर ट्रेच नवीन घ्या.

सील टिकलंय का, हे घरी फोन पाण्यात बुडवून बघू नका. पाण्याने झालेलं नुकसान बहुतेक कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत. फोन जुना असेल किंवा एकदा उघडलेला असेल, तर धबधब्यावर वॉटरप्रूफ पाऊच न्याच.