गृह मनोरंजन संचातील बिनतारी दूरनियंत्रक अँटेनांची मांडणी

गृह मनोरंजन संचातील बिनतारी दूरनियंत्रक अँटेनांची मांडणी म्हणजे दूरचित्रवाणी संच, सेट-टॉप बॉक्स, ध्वनिवर्धक यांसारखी उपकरणे घरातील एकाहून अधिक खोल्यांतून चालवता यावीत, यासाठी रेडिओ लहरी ग्रहण करणाऱ्या अँटेनांची संख्या, जागा व दिशा ठरवण्याची पद्धत होय. महाराष्ट्रात एकच सेट-टॉप बॉक्स दोन दूरचित्रवाणी संचांना जोडलेला असतो, अशा घरांत हा प्रश्न प्रामुख्याने उद्भवतो. बॉक्स पुढच्या खोलीत आणि पाहणारा मागच्या खोलीत, अशा स्थितीत साध्या रिमोटने वाहिनी बदलता येत नाही. अंथरुणाला खिळलेल्या वा चालण्यास असमर्थ असलेल्या व्यक्तींना या अडचणीमुळे प्रत्येक वेळी दुसऱ्यावर अवलंबून राहावे लागते.

पार्श्वभूमी

बिनतारी लहरींनी दूरवरची वस्तू चालवण्याचे प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाले. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कोलकाता येथे भिंतींपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवून दाखवली. निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्क येथे रेडिओ लहरींवर चालणारी लहान नौका प्रदर्शित केली. अमेरिकेतील झेनिथ कंपनीने १९५० मध्ये तारेने जोडलेला, १९५५ मध्ये प्रकाशझोतावर चालणारा आणि १९५६ मध्ये श्राव्यातीत ध्वनीवर चालणारा दूरनियंत्रक बाजारात आणला. पुढे अवरक्त किरणांचा रिमोट स्वस्त व सुटसुटीत ठरून सर्वत्र रूढ झाला.

भारतात रंगीत दूरचित्रवाणी १९८२ मध्ये आली. थेट घरी उपग्रह सेवा २००३ पासून आणि दूरदर्शनची विनाशुल्क सेवा डिसेंबर २००४ पासून सुरू झाली. त्यानंतर केबल वितरणाच्या टप्प्याटप्प्याने झालेल्या अंकीकरणामुळे लहान शहरांत व खेड्यांतही सेट-टॉप बॉक्स अपरिहार्य झाला. पूर्वी केबलची तार थेट प्रत्येक संचाला जोडली, की त्या त्या संचावर वाहिनी बदलता येई. आता वाहिनी बदलण्याचे काम बॉक्सकडे गेले आणि खोली ओलांडून आज्ञा पोहोचवण्याची गरज निर्माण झाली.

कार्यपद्धती

अवरक्त रिमोट साधारणतः ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा, सुमारे ३८ किलोहर्ट्झने लुकलुकणारा प्रकाश सोडतो. हा प्रकाश भिंत भेदत नाही. रेडिओ पद्धतीत हातातील रिमोट रेडिओ लहरी पाठवतो; अँटेना त्या घेऊन मूळ केंद्राकडे देते; केंद्र त्यांचे पुन्हा अवरक्त संकेतांत रूपांतर करून उपकरणाच्या काचेवर चिकटवलेल्या बारीक दिव्यातून सोडते. उपकरणात कोणताही बदल करावा लागत नाही.

अँटेनेची लांबी तरंगलांबीवर ठरते. ४३३ मेगाहर्ट्झच्या लहरीची तरंगलांबी सुमारे ६९ सेंटीमीटर असल्याने तिच्या चतुर्थांशाइतकी, म्हणजे सुमारे १७ सेंटीमीटरची दांडी पुरते. २.४ गिगाहर्ट्झला तरंगलांबी १२.५ सेंटीमीटर आणि दांडी जेमतेम ३ सेंटीमीटर असते. कमी वारंवारतेची लहर भिंती अधिक सहजपणे ओलांडते; जास्त वारंवारतेची लहर ओल्या भिंतीत अधिक शोषली जाते.

अनेक अँटेनांचा प्रश्न

अँटेनांची संख्या वाढवली की पल्ला आपोआप वाढतो, हा समज बरोबर नाही. दोन अँटेनांच्या तारा साध्या जोडणीने एकत्र केल्यास पुढील अडचणी येतात:

१. संकेत एकाच अँटेनेवर येत असेल, तर जोडणीत त्याची जवळजवळ निम्मी शक्ती वाया जाते, मात्र गोंगाट दोन्हींकडून येतो.

२. संकेत दोन्ही अँटेनांवर येत असेल, पण एकीवर लहरीचा उंचवटा आणि दुसरीवर खळगा पोहोचत असेल, तर दोन्ही परस्परांना पुसून टाकतात. रिमोट हातभर सरकवला की बटण चालते आणि पुन्हा मागे घेतला की बंद पडते, हे त्याचे लक्षण होय.

३. दोन स्वतंत्र केंद्रे एकच आज्ञा ग्रहण करून दोनदा पुढे पाठवू शकतात. चालू व बंद करण्याचे बटण एकच असल्यास संच चालू होऊन लगेच बंद होतो.

यावर तीन उपाय प्रचलित आहेत. पहिला, योग्य जागी एकच अँटेना बसवणे. बहुतेक घरांत तेवढे पुरते. दुसरा, दोन अँटेनांपैकी ज्या क्षणी जिचा संकेत सबळ असेल तीच निवडणारा ग्राही वापरणे. यात अँटेनांमध्ये किमान अर्ध्या तरंगलांबीचे अंतर ठेवतात. तिसरा, प्रत्येक खोलीत स्वतंत्र ग्राही बसवून त्याने ओळखलेली आज्ञा तारेने एकाच केंद्राकडे नेणे. या पद्धतीत लहरी एकमेकींत मिसळत नाहीत आणि केंद्राला पुनरुक्त आज्ञा गाळता येते.

जागेची निवड

अँटेना लोखंडी कपाट, फ्रिज आणि दूरचित्रवाणी संचाची मागील बाजू यांपासून दूर ठेवतात. दांडीच्या टोकाच्या दिशेला ग्रहण सर्वांत क्षीण असते. म्हणून एकाच मजल्यावरील खोल्यांसाठी दांडी उभी ठेवणे सोयीचे ठरते. अँटेनेची तार विजेच्या तारेला समांतर न नेता गरज पडल्यास काटकोनात ओलांडतात. एलईडी दिव्यांचे हलके चालक व इन्व्हर्टर यांच्यामुळे गोंगाट निर्माण होतो. शंका असल्यास एकेक उपकरण बंद करून रिमोट तपासणे हा सोपा मार्ग आहे.

२.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वायफाय, ब्लूटूथ व मायक्रोवेव्ह भट्टी यांची गर्दी असते. दूरनियंत्रकांसाठी तयार झालेले झिगबी आरएफफोरसीई हे मानक २.४२५, २.४५० व २.४७५ गिगाहर्ट्झ या तीन मार्गांवर चालते. वायफायचे १, ६ व ११ हे नेहमीचे मार्ग टाळून त्यांच्यामधील व पलीकडील जागा त्यासाठी निवडलेली आहे. त्यामुळे घरातील वायफाय या तिन्हींपैकी एखाद्या मार्गावर ठेवल्यास अडथळा कमी होतो.

वऱ्हाडातील घरे

अकोला जिल्ह्यातील तेल्हारा, अकोट या सातपुड्याच्या पायथ्याकडील तालुक्यांत मातीच्या जाड भिंतींची धाब्याची घरे, टिनपत्र्यांची घरे आणि सिमेंटच्या छताची घरे शेजारी शेजारी आढळतात. तिन्हींत लहरींचे वर्तन निराळे असते. मातीची जाड भिंत उन्हाळ्यात कोरडी असताना जितकी लहर जाऊ देते, तितकी पावसाळ्यात ओल धरल्यावर देत नाही. म्हणून मे महिन्यात नीट चाललेली मांडणी श्रावणात अडखळू शकते. अशा घरात ग्राही भिंतीआड न ठेवता दरवाजाच्या रेषेत, ओसरी व माजघर दोन्ही दिसतील असा ठेवणे हितावह असते. टिनपत्रा लहरी परावर्तित करतो. पत्र्याचेच विभाजन असलेल्या खोल्यांत लहर केवळ फटींतून व दारांतून जाते. तेथे प्रत्येक खोलीत स्वतंत्र ग्राही लागतो.

उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जाणाऱ्या या भागात पत्र्याचा कूलर बहुतेक घरांत खिडकीत वा दारात बसवलेला असतो. लहरीची वाटही बहुधा तीच असते. पत्र्याची पेटी, भिजलेली खस वा लाकडी गवत आणि मोटारीचा गोंगाट असा तिहेरी अडथळा त्यामुळे उभा राहतो. अँटेना कूलरच्या विरुद्ध बाजूस, छाती किंवा डोक्याच्या उंचीवर बसवल्यास तो टळतो.

दूरनियंत्रकाची अँटेना छपरावर नेण्याची आवश्यकता नसते. छपरावरील लोखंडी काठी वीजवाहिनीच्या जवळ असल्यास प्राणघातक ठरू शकते, तसेच विजांच्या कडकडाटात धोका वाढवते. शिवाय उंचावरच्या अँटेनेवर शेजारघरचे संकेतही येतात. त्यासाठी प्रत्येक केंद्राला स्वतंत्र ओळखक्रमांक देण्याची सोय असलेली उपकरणे वापरतात.

कायदेशीर तरतुदी

भारतात २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा २००५ मध्ये ठरावीक शक्तिमर्यादेत परवानामुक्त करण्यात आला. अशा वापराला इतरांच्या अडथळ्यापासून संरक्षण मिळत नाही. अमेरिकेत प्रचलित असलेली ९१५ मेगाहर्ट्झची उपकरणे मात्र भारतात मोबाइल सेवेच्या पट्ट्यालगत येतात. परदेशातून नातेवाइकांनी आणलेले असे उपकरण चालू झाले, तरी त्याचा वापर नियमबाह्य ठरू शकतो; म्हणून वापरापूर्वी उपकरणावरील वारंवारता पाहणे आवश्यक आहे.

हेही पहा

अँटेना
अवरक्त किरण
रेडिओ लहरी
सेट-टॉप बॉक्स
जगदीशचंद्र बोस
तेल्हारा तालुका