कर्वेनगरात राहून गावचा सातबारा: नक्कल मिळते, पण नोंदीवर लक्ष ठेवा

पुण्यातलं कर्वेनगर म्हणजे मूळचं हिंगणे बुद्रुक गाव. महर्षी कर्वे यांनी 1900 साली आपला आश्रम हिंगण्याला आणला, त्यांच्यावरून पुढे हे नाव पडलं. आज या भागात घर केलेल्या अनेकांची जमीन गावाकडे असते. पूर्वी एका उताऱ्यासाठी रजा टाकून एसटीने गाव गाठावं लागे, आणि भाऊसाहेब चावडीवर भेटले नाहीत तर तो हेलपाटा वाया जाई. आता तो कागद घरबसल्या मिळतो.

नक्कल कशी काढायची?

डिजिटल सहीचा सातबारा राज्यात 1 मे 2018 पासून मिळू लागला. महाभूमीच्या डिजिटल सातबारा संकेतस्थळावर मोबाईल नंबर टाकून, ओटीपी देऊन आत जाता येतं. जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर निवडायचा. एका प्रतीला 15 रुपये लागतात. या प्रतीवर वेगळ्या सही-शिक्क्याची गरज नाही. तिच्यावर 16 अंकी पडताळणी क्रमांक असतो, त्यावरून बँकेला किंवा कार्यालयाला ती खरी आहे का हे तपासता येतं. महाभूलेखवर फुकट दिसणारा सातबारा फक्त माहितीसाठी असतो, सरकारी कामाला तो चालत नाही.

नोंद पुढे कशी सरकते?

खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदलं की त्याची माहिती ई-फेरफार प्रणालीतून महसूल खात्याकडे जाते. तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी) फेरफार धरतात आणि संबंधितांना नोटीस निघते. हरकतीला 15 दिवसांची मुदत असते. हरकत आली नाही तर कागद तपासून मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि सातबाऱ्यावर नवं नाव चढतं. वारस नोंद, बोजा चढवणे-उतरवणे अशा कामांसाठी ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइन अर्ज करता येतो.

अडतं कुठे?

जी माहिती भरली जाते तीच प्रणाली पुढे नेते. वारसांच्या यादीत बहिणीचं नाव राहिलं तर ते संगणकाला कळत नाही. नोटीस गावच्या जुन्या पत्त्यावर गेली आणि खातेदार शहरात असला, तर 15 दिवस कधी सरले याचा पत्ताही लागत नाही.

यावर सोपा उपाय म्हणजे 'आपली चावडी'. गाव निवडलं की तिथे सुरू असलेले फेरफार, गट नंबर आणि हरकतीची शेवटची तारीख दिसते. त्याला पैसे लागत नाहीत. मुदत 15 दिवसांचीच असल्याने महिन्यातून दोनदा तरी ते पाहावं. हरकत घ्यायची तर मुदतीत, लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.

चूक झालीच तर?

लिहिण्यातली चूक असेल, म्हणजे नावातलं अक्षर किंवा क्षेत्राचा आकडा चुकला असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 155 खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. पण नोंदच मान्य नसेल तर कलम 247 प्रमाणे प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करावं लागतं. त्याची मुदत साधारण 60 दिवसांची आहे.

गावी कशासाठी जावंच लागतं?

पीक नोंदीसाठी. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. गाव नमुना 12 मधलं पीक शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर नोंदवायचं असतं. शेतात उभं राहून फोटो काढावा लागतो, कारण अ‍ॅप जागा तपासतं. त्यामुळे हे काम कर्वेनगरात बसून होत नाही. स्वतःला जमत नसेल तर जमीन कसणाऱ्या भावाला किंवा वाटेकऱ्याला मुदतीच्या आत आठवण करावी. पीक पेरा कोरा राहिला तर नुकसानभरपाई आणि पीककर्जाच्या वेळी अडचण येते.